पुण्याचे आयंगार गुरुजी आणि आमचा खांदा

१९९६ च्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आरती रंगात आली होती, आणि आमच्या दोघांपैकी एकीचा उजवा हात ताटासकट छातीच्या वर जाईना. (हा लेख आम्ही नवरा-बायकोनं मिळून लिहिला आहे. ज्या वाक्यांवर भांडण झालं ती काढून टाकली आहेत, त्यामुळे कुठे सांधा खटकला तर समजून घ्यावं.) आधी वाटलं, दीडशे माणसांच्या मोदकांचं सारण ढवळून हात भरून आला असेल. पण आठवड्यानं केस विंचरता येईनात, पंधरा दिवसांनी कोट घालायला दुसऱ्या माणसाची मदत लागायला लागली. जी.पी.नं 'फ्रोझन शोल्डर' असं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि फिजिओथेरपीच्या यादीत नाव घातलं. यादी किती लांब असते ते इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, कौन्सिलच्या संध्याकाळच्या वर्गांच्या पुस्तिकेत योगाचा वर्ग आहे, मंगळवारी, चर्चच्या हॉलमध्ये. आम्ही हसलो. पुण्याची माणसं, आणि लंडनच्या चर्चमध्ये जाऊन गोऱ्या बाईकडून योग शिकायचा! शाळेत असताना दर शनिवारी सकाळी सूर्यनमस्कार घातलेली माणसं आम्ही. पण रात्री कुशीवर वळताना दुखून जाग येत होती, तेव्हा हसू फार दिवस टिकलं नाही. एकटीनं जायला संकोच वाटला म्हणून दोघांनीही फी भरली.

हॉलमध्ये चौदा माणसं होती. एक आजोबा तर कानात यंत्र लावून आलेले. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेले, पायात मोजे नाहीत. सगळे मांडी घालून बसले, हात जोडले, आणि त्या चौदा इंग्रज गळ्यांतून संस्कृत प्रार्थना निघाली. पतंजली मुनींना वंदन. उच्चार वाकडेतिकडे, पण सगळ्यांना पाठ. आम्हाला अथर्वशीर्ष येतं, रामरक्षा अर्धी येते, हे मात्र एक अक्षर येत नव्हतं. आम्ही नुसते ओठ हलवले. मंदिरात दुसऱ्याच्या पंथाच्या आरतीत सापडल्यावर माणूस हलवतो तसे.

वर्ग संपल्यावर बाईंनी विचारलं, मूळ कुठले? पुण्याचे, म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू आम्ही त्यांच्या माहेरचे. पुण्यात कुठे? मॉडेल कॉलनी. मग तर त्यांनी दीप बंगला चौक, कोपऱ्यावरचा भाजीवाला, रिक्षांचं मीटर असं सगळं धडाधड सांगायला सुरुवात केली. त्या चार वेळा जाऊन महिना महिना राहिल्या होत्या. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, म्हणजे तुम्ही इन्स्टिट्यूटमध्ये शिकला असाल?

मंडळी, हरेकृष्ण मंदिर रस्त्यावरची ती आयंगारांची इमारत १९७५ साली उभी राहिली. आम्ही देश सोडला १९८४ मध्ये. मधली नऊ वर्षं आमच्यातली एक त्याच रस्त्यानं लूनावरून फर्ग्युसन कॉलेजला आणि नंतर नोकरीला जात होती. भाड्याच्या सायकलींवरून ढगळ विजारी घालून फिरणारे गोरे लोक आम्ही रोज बघायचो. "आयंगारांकडचे दिसतात," एवढंच घरात म्हटलं जायचं. त्या फाटकातून आत डोकावावं असं नऊ वर्षांत एकदाही वाटलं नाही. हे आम्ही बाईंना खरं खरं सांगितलं. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काही बोलल्याच नाहीत, सतरंज्या गोळा करायला लागल्या.

तेव्हापासून आम्ही या माणसाबद्दल वाचायला लागलो. खांदा हे निमित्त.

बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज आयंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ चा, कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूर गावचा. जगभर इन्फ्लुएंझाची साथ चालू होती आणि आई त्याच तापानं आजारी होती. तेरा भावंडांतलं हे अकरावं. वडील शाळामास्तर, हा नऊ वर्षांचा असताना ते गेले. मलेरिया, टायफॉइड, क्षय असं एकामागून एक चालूच. काटकुळे हातपाय, पुढे आलेलं पोट आणि सावरता न येणारं जड डोकं, असं स्वतःच्या लहानपणाचं वर्णन त्यांनीच करून ठेवलं आहे. बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य मैसूरच्या महाराजांच्या आश्रयानं जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवत. १९३४ मध्ये त्यांनी या मेव्हण्याला बोलावून घेतलं, ते योग शिकवायला नव्हे, तर आपण प्रवासात असताना बहिणीला घरी सोबत व्हावी म्हणून. योगासाठी त्यांचा पट्टशिष्य दुसरा होता. तो एक दिवस न सांगता निघून गेला, कार्यक्रम तोंडावर आलेला, म्हणून या पोराला उभं केलं गेलं.

कृष्णमाचार्य जमदग्नीचा अवतार. एकदा एका बड्या पाहुण्यासमोर त्यांनी या मुलाला हनुमानासन करायला सांगितलं. एक पाय पुढे, एक मागे, जमिनीला सपाट. हे आसन त्यानं कधी केलेलं नव्हतं. सुटका व्हावी म्हणून तो म्हणाला, चड्डी घट्ट आहे, पाय फाकणार नाहीत. गुरूंनी कात्री मागवली आणि चड्डी दोन्ही बाजूंनी कापायला लावली. आसन झालं, पण मांडीमागचे स्नायू फाटले आणि पुढे कितीतरी दिवस नीट चालता येईना. आम्हाला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. पुढे आयुष्यभर हा माणूस 'शरीराला इजा न होता आसन कसं करायचं' याच्या मागे लागला त्याचं मूळ या कात्रीत असावं, असा आपला आमचा तर्क.

१९३७ साली डॉ. वि. भा. गोखले या पुण्याच्या सर्जनच्या पुढाकारानं त्यांना डेक्कन जिमखान्यावर शिकवायला सहा महिन्यांसाठी बोलावणं आलं. वय अठरा. मराठी येत नाही. इंग्रजीच्या पेपरात थोडक्या गुणांनी मॅट्रिक हुकलेली. समोर कॉलेजचे तगडे विद्यार्थी, आणि हा शेंडीवाला किडमिडा मास्तर. टिंगल झालीच. सहा महिन्यांचं काम वाढत गेलं, मग सुटलं, आणि ते पुण्यातच राहिले. २० ऑगस्ट २०१४ ला वयाच्या ९५ व्या वर्षी गेले तेही पुण्यातच. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षं ते परमुलखात राहिले, परक्या भाषेत. आम्ही इथे चाळीस वर्षं काढली म्हणून कौतुकानं सांगत असतो! सुरुवातीची वर्षं अशी, की काही दिवस नळाच्या पाण्यावर काढायचे आणि उरलेला वेळ सराव करायचा. शिकवायला सांगणारं कोणी जवळ नव्हतं. गुरू मैसूरला, पुस्तकं तोकडी. शरीर हीच एक वही हाताशी होती. चुकलं की दुखायचं, बरोबर आलं की हलकं वाटायचं, यावरून ते एकेक आसन तपासत गेले.

बाकीचा भाग आपल्याकडे अनेकांना ठाऊक असेल. १९५२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांनी त्यांना पाच मिनिटांची भेट दिली. आयंगारांनी थकलेल्या मेनुहिनना आडवं करून शवासन दिलं, ते गाढ झोपले आणि पाच मिनिटांचा तास कधीच उलटून गेला. १९५४ मध्ये मेनुहिननी त्यांना स्वित्झर्लंडला नेलं, आणि लंडनलाही. मेनुहिननी दिलेल्या मनगटी घड्याळामागे 'माझे सर्वांत चांगले व्हायोलिन-शिक्षक' अशा अर्थाचा मजकूर कोरलेला होता; आणि गुरुजींनी व्हायोलिन तर कधी वाजवलेलं नाही. १९५८ मध्ये बेल्जियमच्या राणी एलिझाबेथना, ऐंशी उलटल्यावर, त्यांनी शीर्षासन शिकवलं. आणि त्याच काळात गोऱ्यांच्या हॉटेलात चारचौघांबरोबर जेवणघरात बसू न देता खोलीत जेवायला लावलं गेल्याचंही त्यांनी पुढे सांगितलं आहे. १९५४ मधलं लंडन पाहिलेल्या आपल्या जुन्या मंडळींना यात नवल वाटणार नाही.

१९६६ मध्ये 'लाइट ऑन योगा' आलं. दोनशे आसनं, सहाशेच्या आसपास फोटो, आणि शेवटी तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम. मराठीत ते 'योगदीपिका'. तीनशे आठवडे म्हणजे पावणेसहा वर्षं! आम्ही पहिल्या वर्षी हे पान उघडून मुकाट्यानं मिटलं होतं.

आता जरा गुरुजींच्या विचाराकडे वळू, कारण लेखाचं खरं काम तेच. सुरुवात लंडनच्याच एका गोष्टीनं करतो. साठच्या दशकाच्या शेवटी लंडनच्या शिक्षण खात्यानं, म्हणजे इनर लंडन एज्युकेशन ऑथॉरिटीनं, संध्याकाळच्या वर्गांत आयंगारांच्या पद्धतीचा योग शिकवायला मान्यता दिली. आमच्या चर्च हॉलमधल्या वर्गाचा पणजोबा तोच म्हणायचा. पण अट होती: आसनं आणि प्राणायाम शिकवा, तत्त्वज्ञान आणि अध्यात्म वगैरे आणू नका. दुसऱ्या एखाद्या स्वामींनी अपमान मानला असता. आयंगारांनी अट मान्य केली. लोकांना वाटलं, यांचा योग म्हणजे नुसता व्यायाम, इथे आत्म्याचं काही नाही. भारतातही हा आक्षेप त्यांच्यावर जन्मभर घेतला गेला. आसनवाला म्हणून त्यांची हेटाळणी झाली.

त्यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. आपण त्या आठ पायऱ्या समजतो, आणि शहाणी माणसं आसनाची तिसरी पायरी पटकन ओलांडून ध्यानाला बसू बघतात. गुरुजी म्हणत, पायऱ्या नव्हेतच त्या. एक आसन नीट करा, आठही त्यात आहेत. मन दिसत नाही, पण पायाचा अंगठा दिसतो. जे दिसतं तिथून सुरू करा.

हे वाचून आम्हाला काडीचंही कळलं नव्हतं. कळलं ते एका मंगळवारी, त्रिकोणासनात. पाय साडेतीन फूट अंतरावर, उजवं पाऊल बाहेर, उजवा हात घोट्याकडे, डावा वर. आमच्यातला जो पुरुष आहे त्यानं दण्‌कन हात जमिनीला टेकवला आणि आजूबाजूला पाहिलं. बाई जवळ आल्या. म्हणाल्या, हात पोचला, पण त्यासाठी तुम्ही गुडघा पुढे ढकललात, छाती मिटवलीत आणि मागच्या पायाला कामच दिलं नाहीत. मग त्यांनी हाताखाली एक वीट ठेवली, लाकडाची. हात सहा इंच वर आला, आणि अचानक मागच्या पायाची कड, कुल्ला, बरगड्या सगळ्यांना काम लागलं. दहा सेकंदांत मांड्या थरथरायला लागल्या. बाई सांगत होत्या: गुडघ्यावर जोर करून पुढे जाणं ही हिंसा. टेकलं नसताना टेकलं असं दाखवणं हे असत्य. पुढच्या पायाची ताकद मागच्या पायानं आयती वापरणं ही चोरी. आणखी थोडं थांबणं हे तप. कुठला पाय आळशी आहे ते बघत राहणं हा स्वाध्याय. आता डोळे मऊ करा, जीभ सैल सोडा, कपाळावरच्या आठ्या काढा, हा प्रत्याहार. शिक्षण खात्याच्या अटीचा त्यात कुठेही भंग नव्हता. बाई फक्त गुडघ्याबद्दल बोलत होत्या.

शाळेत आम्हाला यम-नियम पाठ करायला लावले होते, पाच अधिक पाच, गाळलेल्या जागा भरा. ते गुडघ्यात असतात हे कोणी सांगितलं नव्हतं.

पतंजलींच्या जवळजवळ दोनशे सूत्रांपैकी आसनावर थेट अशी फार तर तीन. त्यांत दोन शब्द येतात, स्थिर आणि सुख. आपण सोयीनं त्याचा अर्थ लावतो की आरामात बसता आलं म्हणजे झालं. आयंगारांचा अर्थ कडक आहे. आधी धडपड करून आसन उभं करायचं. मग नजर आत वळवून तपासायचं, की जाणीव कुठवर पोचली. टाचेत आहे का, खांद्याच्या पात्यामागे आहे का, की नुसती डोक्यात. जिथे पोचली नाही तिथे पोचवायची. आणि ते सगळीकडे सारखं झालं, की धडपड आपोआप गळून पडते, ते सुख. त्यामुळेच ताडासन, म्हणजे नुसतं सरळ उभं राहणं, ते इतका वेळ शिकवतात. पहिले काही महिने आम्हाला वाटायचं, एवढ्या फीमध्ये उभंच राहायचं का? आता विचाराल तर उभं राहणं आम्हाला अजून येत नाही. एक पाऊल बाहेर पडतं, दुसऱ्यावर वजन जास्त. आयुष्यभर उजव्या खांद्याला पिशवी लावल्याचं बाई पाठीवरून ओळखायच्या.

प्राणायामाबद्दल ते आणखी सावध. आसनांनी छाती आणि कणा तयार झाल्याशिवाय श्वासाशी खेळायचं नाही. आपल्याकडे आल्या आल्या नाक धरून बसतात, ते त्यांना पसंत नव्हतं. आणि शवासन त्यांच्या मते सगळ्यांत अवघड, कारण तिथे करायचं काहीच नाही. आम्ही मराठी माणसं शवासनात ताबडतोब घोरतो, ते वेगळं.

आता विटेविषयी. ही वीट, पट्टा, दोर, घडीची खुर्ची, लोड, घड्या घातलेल्या चादरी, ही सगळी आयंगारांची देणगी. पुण्यातल्या सुरुवातीच्या दिवसांत रस्त्याकडेला पडलेल्या विटा आणि दगड उचलून आणून त्यांनी स्वतःवर प्रयोग केले. पुढे म्हातारी, आजारी, जाडजूड, घाबरट अशी सगळ्या तऱ्हेची माणसं शिकायला यायला लागली. ज्याचा हात जमिनीपर्यंत पोचत नाही त्याला 'आसन तुझ्यासाठी नाही' म्हणायच्या ऐवजी जमीनच वर उचलायची. खुर्चीवर सर्वांगासन, लोडावर छाती उघडून पडून राहणं, दोराला लोंबकळून उलटं होणं. जुन्या वळणाच्या लोकांनी नाकं मुरडली, फर्निचरचा योग म्हणून. १९७९ मध्ये स्कूटरच्या लागोपाठ दोन अपघातांत त्यांचे स्वतःचे खांदे, कणा आणि गुडघे दुखावले. साठी उलटलेली. जगभर पुस्तकातले फोटो पाहून लोक ज्यांच्या पाया पडत होते, त्या माणसानं पुन्हा पहिलीत बसावं तसं त्याच विटा आणि खुर्च्या घेऊन सुरुवात केली. परत तिथवर पोचायला वर्षं लागली.

आमच्या खांद्याचं म्हणाल तर भिंतीला हात लावून, पट्टा धरून, दोराला ओणवं होऊन दीड वर्षात हात वर गेला. १९९८ च्या गणपतीत ताट पूर्ण ओवाळलं. ओळखीच्या मराठी डॉक्टरांना आनंदानं सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, वहिनी, फ्रोझन शोल्डर बऱ्याचदा दीड-दोन वर्षांत आपला आपणच सुटतो. खोटं कशाला सांगा, योगानंच बरा झाला असं आम्ही छातीठोक म्हणणार नाही. बाईंनीही तसं वचन कधी दिलं नव्हतं. त्या एवढंच म्हणायच्या, दुखणं दोन प्रकारचं असतं, कामाचं आणि इजेचं, ते वेगळं ओळखायला शिका.

पण दुसरी गोष्ट आम्ही छातीठोक सांगू. २००२ मध्ये बाबा गेले आणि आईंना आम्ही इकडे आणलं. वय शहात्तर, गुडघे गेलेले, आणि झोप नाही. रात्री दोन वाजता उठून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही रे, तहान लागली होती." पुण्यात निदान शेजारी वहिनी होत्या, सकाळी दूधवाला यायचा, रात्री गुरखा काठी आपटत जायचा. इथे रात्री फक्त फ्रिजचा आवाज. जी.पी.नं झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यांनी दिवसभर पेंग यायची.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मांडी घालता येत नसेल तर नको, त्यांना लोडावर निजवा. गिरगावातल्या बैठकीला असतो तसाच लोड, फक्त चपटा. पाठीच्या कण्याखाली लांब लोड, डोक्याखाली चादरीची घडी, पोटऱ्या खुर्चीवर, डोळ्यांवर मऊ कापड. आईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कसलं रे योगासन, हे तर लोळणं झालं! आमच्या वेळी लोळलं की आजी ओरडायची." पण पडल्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटांनी डोळ्यांवरचा कपडा ओला झालेला दिसला. आम्ही दोघंही घाबरलो, उठवायला निघालो. मग नाही उठवलं. बाबांच्या तेराव्यालाही त्या रडल्या नव्हत्या, पाहुण्यांचं करत होत्या.

छाती आखडून, खांदे पुढे टाकून बसलेल्या माणसाचं मन उघडायला आधी छाती उघडा, असं गुरुजींचं सांगणं. समजावू नका, उपदेश करू नका. हे ते पुस्तकातून बोलत नसावेत असं आम्हाला वाटतं. पुण्यातल्या संस्थेचं भूमिपूजन जानेवारी १९७३ मध्ये त्यांच्या पत्नी रमामणी यांच्या हातून झालं, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या गेल्या. संस्थेला नाव त्यांचंच आहे. मोठी मुलगी गीता आणि मुलगा प्रशांत त्यानंतर वडिलांबरोबर शिकवत राहिले. गीताजींचं स्त्रियांसाठीचं पुस्तक आईंच्या उशाशी असे. इंग्रजी येत नसल्यानं त्या फोटोच बघायच्या आणि "पोरीची पाठ बघ कशी ताठ आहे" म्हणायच्या. झोप महिन्याभरात यायला लागली. रोज संध्याकाळी साडेपाचला त्या स्वतःच म्हणायच्या, "माझं लोळण मांडा."

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही पोथी होईल. गुरुजी वर्गात ओरडत. चापट मारत, पायानं पाय सरकवत. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून मार-लाथांचा विनोद त्यांचे शिष्यच करत. आमच्या बाईंनी पुण्यात पाठीवर खाल्लेली थाप त्या प्रेमानं सांगायच्या: तिथे कणा आहे हे मला त्या दिवशी समजलं. त्यावर आमच्यात एकमत नाही. एकाचं म्हणणं, आपल्याकडच्या गाण्यातल्या आणि कुस्तीतल्या उस्तादांकडे हेच चालायचं. दुसरीचं म्हणणं, कात्री मागवणाऱ्या गुरूच्या हाताखाली जो स्वतः भाजला, त्यानं तो हात तरी पुढे न्यायला नको होता. आणि थाप न खाताही आम्हाला आमच्या बाईंकडून कणा समजलाच की. हे वाक्यही काढायचं ठरलं होतं, पण राहू दिलं आहे.

२०११ च्या डिसेंबरात पुण्याला गेलो, तेव्हा शेवटी त्या फाटकातून आत गेलो. सत्तावीस वर्षं उशिरानं. आई २००९ मध्ये गेल्या होत्या. वर अर्धवर्तुळाकार हॉल, भिंतींवर आसनांचे फोटो; खाली जिना उतरून ग्रंथालय. तिथे टेबलाशी ते बसले होते, पांढरे केस मागे वळवलेले, कपाळावर नाम, भुवया जंगलासारख्या. पत्रं वाचत होते. समोर जर्मन की रशियन दोन मुली वह्या उघडून बसलेल्या. नुकतीच त्र्याण्णव पूर्ण झाली होती आणि पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. आमच्या मनात पुष्कळ बोलायचं होतं, मराठीतच. आईंचं लोळणं सांगायचं होतं. धीर झाला नाही. दहा मिनिटं पुस्तकांच्या कपाटाशी उभे राहिलो, कुठल्या पायावर वजन जास्त पडतंय ते तपासत, आणि वर आलो. बाहेर भाजीवाला होता, तो मात्र वेगळा.

गुरुजी गेले त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवला. आपल्या मंडळातही तो होतो, पंचेचाळीस मिनिटं, रंगीत टीशर्ट आणि मग उपमा. उपमा चांगला असतो. पण त्या दिवशी 'योग आमचा, यांनी चोरला' हे भाषण कोणीतरी करतंच, आणि तेव्हा आम्हाला त्या पहिल्या मंगळवारी नुसते हललेले आमचे ओठ आठवतात.

बाईंनी आता वर्ग बंद केला आहे, वय झालं. आम्ही दोघं घरीच करतो, पुढच्या खोलीत, टीव्ही सरकवून. आईंची खुर्ची तिथेच असते. गेल्या महिन्यात मँचेस्टरहून मुलीचा फोन आला. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान धरली आहे, आणि ती विचारत होती, "आई, आजी लोळायची ते नक्की कसं मांडायचं? आणि ती लाकडाची वीट मिळते कुठे?" लहानपणी याच वर्गाला नेलं तर ही चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर कॉमिक वाचत बसायची. फोनवरून लोडाचं माप सांगितलं. वीट दुकानात मिळते हे सांगितलंच नाही, आमचीच पाठवली. पोस्टाला विटेपेक्षा जास्त पैसे पडले, आणि खिडकीवरच्या माणसानं दोनदा विचारलं की आत नक्की आहे काय.